न हलणारा आकडा

गावात तिला पंखेवाली म्हणत. नाव कुणी ठेवलं ते सांगता यायचं नाही, पण ठेवलं ते अगदी चपखल. तिच्या घरामागे एक लांबलचक पत्र्याची शेड होती. शेडच्या एका टोकाला माणसाच्या उंचीहून मोठे पंखे भिंतभर बसवलेले, आणि दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्यासारख्या जाळ्यांवरून सतत पाणी झिरपायचं. पंखे हवा बाहेर ओढायचे, तशी ओल्या जाळ्यांतून गार हवा आत यायची. मधल्या बोगद्यात हजारो पांढऱ्या कोंबड्या, खाली तुसाचा थर. दोन्ही बाजूंना खिडक्या नाहीत, जाड प्लॅस्टिकचे पडदे घट्ट ओढून बांधलेले. लांबून पाहिलं तर वाटावं, इथे काहीतरी छापतात किंवा विणतात.

तिच्या सासऱ्यांच्या काळातही या घरी कोंबड्या होत्या. अंगणात उकिरडा उकरायच्या, संध्याकाळी झाडावर चढून झोपायच्या. त्यांना कधी कुणी पंखा लावला नव्हता आणि त्यांनी तो मागितलाही नव्हता. या नव्या कोंबड्यांची जात वेगळी. कंपनी पिल्लं आणून टाकायची, खाद्यही तिचंच, आणि दीडेक महिन्यात ती पिल्लं अशी काही फुगायची की त्यांना स्वतःच्या पायांवर धड उभं राहवेना. एवढी जनावरं एका बंद जागेत श्वास घेणार, तर त्यांच्या अंगाची वाफच त्यांना मारायला पुरेशी. कंपनीच्या सुपरवायझरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वहिनी, पाणी एक वेळ उशिरा चालेल, खाद्य उशिरा चालेल. हवा थांबली की खेळ खलास."

ते वाक्य तिच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

शेडच्या भिंतीवर एक डबा होता. आत किती गरम आहे, किती दमट आहे, कुठला पंखा चालू आणि कुठला बंद, सगळं त्या डब्याला कळायचं आणि तो ते तिच्या फोनवर पाठवायचा. काही बिघडलं की फोन बोंब मारायचा. खरं तर ही सोय होती. शेडमध्ये तिष्ठत बसायला नको, जगात कुठेही असा, कोंबड्या तुमच्या खिशात. पण खिशातल्या कोंबड्यांनी तिला सुखाने कुठे बसू दिलं नाही. अंघोळीला जाताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यायची. मुलीच्या शाळेतल्या पालकसभेतून अर्ध्यातून उठून पळाली होती, आणि घरी येऊन बघते तर सेन्सरवर कोळ्याने जाळं विणलेलं. घरातल्या एकाही फोटोत तिचा चेहरा समोर नव्हता. सगळे हसतायत आणि ही मान खाली घालून फोनकडे बघतेय.

"आमच्या आईला आमच्या तापाआधी कोंबड्यांचा ताप कळतो," मुलगी म्हणायची. थट्टेतच म्हणायची, पण पंखेवालीला ते लागायचं.

नवरा शहरातल्या बसवर ड्रायव्हर. स्वभावाने थंड. "अगं, मशीन आहे ना. ते बघेल," हे त्याचं ठरलेलं उत्तर. तिलाही ते पटायचं. तरी झोपेतसुद्धा तिचा एक कान पंख्यांच्या घरघरीला लागलेला असायचा. एखाद्या पंख्याचा पट्टा सैल होऊन सूर बदलला की ती उठून बसे. पंख्यांची घरघर म्हणजे सगळं ठीक. एवढ्या एका आवाजावर तिने आपला जीव टांगून ठेवला होता.

या आवाजाचा जसा तिला आधार, तसाच तो शेजारणीला जाच. कुंपणापलीकडे सिस्टरबाई राहायच्या. मोठ्या हॉस्पिटलात आयुष्यभर नर्स म्हणून राबून निवृत्त झालेल्या, एकट्याच. एकेकाळी दोन्ही घरांचं मेतकूट होतं. पंखेवालीच्या बाळंतपणात तिला धीर दिला तो सिस्टरबाईंनी, आणि मुलीला पहिली अंघोळ घातली तीही त्यांनीच. मग शेड आली. शेडबरोबर वास आला, माश्या आल्या, आणि लाईट गेली की ढणाढणा वाजणारा जनरेटर आला. सिस्टरबाईंनी आधी सांगून पाहिलं, मग सुनावलं, मग सरळ कचेरीत तक्रार केली. तपासणीला माणूस येऊन गेला त्या दिवशी कुंपणावरून दोघींची चांगलीच जुंपली.

"निवृत्त झाल्यापासून तुमचं नाक फारच नाजूक झालंय," पंखेवाली म्हणाली.

"माझं नाक आहे तसंच आहे. तुझी कातडी जाड झालीय," सिस्टरबाई म्हणाल्या.

त्यानंतर अबोला. पंखेवालीच्या फोनमध्ये सिस्टरबाईंचं नाव बदलून 'कटकट' झालं. फोनवर ते नाव पुन्हा कधी उमटलं नाही.

उन्हाळा कडक तापला होता. शेडमधला लॉट भरत आला होता, आठवड्याभरात गाड्या येऊन माल उचलणार होत्या. म्हणजे कोंबड्या सगळ्यात जड आणि सगळ्यात नाजूक झालेल्या. नेमकी तेव्हाच सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. ही तारीख आधी दोनदा पुढे ढकलून झाली होती आणि दोन्ही वेळा कारण शेडच होतं. या खेपेला डॉक्टरांनी तोंडावरच विचारलं, "डोळा महत्त्वाचा आहे की कोंबड्या?" सासूबाईंनी फक्त नीट दिसणारा डोळा सुनेकडे वळवला. पंखेवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवऱ्याला रजा मिळाली नाही. मुलीची शाळा. म्हणजे सासूबाईंना घेऊन तिनेच जायचं, आणि दुपारभर शेड एकटी. तिने सुपरवायझरला फोन केला तर तो हसला. "वहिनी, तुम्ही शेडमध्ये बसून तरी काय करणार? हाताने पंखा फिरवणार? जा निवांत."

निवांत हा शब्द तिच्या ओळखीचा नव्हता.

तरी ती गेली. निघण्याआधी शेडला एक फेरी मारली, जनरेटरचं डिझेल पाहिलं, पाण्याची टाकी पाहिली, पुन्हा एकदा डिझेल पाहिलं. सासूबाई गाडीत बसून वाट बघत होत्या. "झालं का गं तुझं? डोळा वाळून जायचा माझा," त्या म्हणाल्या.

डोळ्यांच्या हॉस्पिटलातली बसायची जागा गार होती. भिंतीला चिकटून खुर्च्यांची रांग, समोर आवाज बंद केलेला टीव्ही. सासूबाईंना आत नेलं आणि पंखेवालीने फोन हातात घेतला. शेडचं तापमान सव्वीस पूर्णांक आठ. उत्तम. फोन मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने पाहिलं, सव्वीस पूर्णांक आठ. बरं. शेजारी बसलेल्या बाईने ओळख नसताना आपल्या दोन्ही डोळ्यांचा आणि मोठ्या सुनेचा इतिहास सांगायला घेतला. पंखेवाली हो-हो करत राहिली. पुन्हा फोन. सव्वीस पूर्णांक आठ.

इथे तिच्या मनात काहीतरी टोचलं. आकडा चांगला होता, पण आकडा हलत नव्हता.

ती तो आकडा वर्षानुवर्षं बघत आली होती. तो कधीच एका जागी उभा राहत नसे. एक पंखा सुरू झाला की जरा उतरायचा, बंद झाला की चढायचा. जिवंत माणसाच्या छातीसारखं त्याचं वरखाली चाललेलं असायचं. बाहेर ऊन डोक्यावर आलेलं आणि हा इतका शांत कसा?

तिने फोनचा पडदा बोटाने खाली ओढला. छोटं चक्र गरागरा फिरत राहिलं. तळाशी बारीक अक्षरात शेवटची माहिती कधी आली ती वेळ लिहिलेली होती. सासूबाईंना आत न्यायच्याही आधीची. म्हणजे इतका वेळ ती जो आकडा बघून समाधान मानत होती तो शिळा होता. डबा कधीचाच गप्प झाला होता आणि त्याच्या गप्प होण्याची बोंब मारायला कुणीच नव्हतं.

तिने गावातल्या किराणावाल्याला फोन लावला, लागेना. मुलीच्या शाळेतल्या बाईंना लावला, लागेना. गावातला एकही मोबाईल लागत नव्हता. नवऱ्याच्या फोनची घंटी वाजत राहिली. तो गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, आणि उचलू नकोस असं तिनेच त्याला शपथेवर बजावलेलं. वीज कंपनीच्या नंबरवर बराच वेळ गाणं ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली, तुमच्या भागातली मुख्य लाईन बंद आहे, काम सुरू आहे, केव्हा होईल ते सांगता येणार नाही.

मग सुपरवायझर. "माझ्याकडेही सव्वीसच दाखवतंय वहिनी. लाईट गेली म्हणून टॉवर बसला असेल, बाकी काही नाही. जनरेटर आपोआप सुरू होतोच."

"झाला असेल ना?"

"होतोच."

"झाला असेल ना, असं विचारतेय मी. तुम्ही जाऊन बघाल का?"

तिच्या आवाजात काहीतरी होतं, कारण त्याचाही सूर बदलला. "मी पार दुसऱ्या टोकाला आहे. निघतो. पण लगेच पोचणार नाही."

तेवढ्यात दार उघडलं आणि चाकाच्या खुर्चीतून सासूबाई बाहेर आल्या. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, चेहऱ्यावर मोठा पराक्रम करून आल्याचा भाव. "काही दुखलं नाही बघ," त्यांनी सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. "काय गं? कोण गेलं?"

पंखेवालीने भरभर सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं.

"सिस्टरला फोन लाव."

"आई, गावातला एकही मोबाईल लागत नाहीये."

"मोबाईल नाही. तिच्याकडे तो जुना आहे ना, तारेचा. त्याला लाईट लागत नाही. घे." आणि त्यांनी एका दमात नंबर म्हणून दाखवला.

पंखेवाली बघतच राहिली. "तुम्हाला कसा पाठ?"

"रोज बोलते तिच्याशी. तू शेडमध्ये गेलीस की. आता ही काय विचारायची वेळ आहे का? लाव आधी."

घंटी वाजली. एकदा, दोनदा. जिच्याशी दोन वर्षं शब्द बोलली नाही, तिला आता काय म्हणून हाक मारायची?

"हॅलो, कोण?"

"मी. शेजारची."

पलीकडून घाबरलेला आवाज आला. "तुझी सासू बरी आहे ना? ऑपरेशन नीट झालं ना?"

"आई बऱ्या आहेत. सिस्टरबाई, आमचा जनरेटर चालू आहे का?"

"चालू म्हणजे! कधीचं डोकं उठलंय माझं. हे विचारायला फोन केलास?"

पंखेवाली खुर्चीचा हात धरून मटकन बसली. जनरेटर चालू आहे म्हणजे पंखे चालू आहेत, पंखे चालू आहेत म्हणजे... तरी तिचं मन मानेना.

"आणि पंखे? सिस्टरबाई, तुमच्या मागच्या खिडकीतून पंखे दिसतात. फिरतायत का, बघता का जरा?"

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं लांब गेली. जनरेटरची ढणढण फोनमधूनही ऐकू येत होती. पावलं परत आली.

"उभे आहेत."

"सगळे?"

"एकही फिरत नाहीये."

जनरेटर धडधडतोय, साऱ्या वस्तीला वाटतंय की सगळं व्यवस्थित चाललंय, आणि पत्र्याखाली बंद पडद्यांत ती सगळी जनावरं चोच वासून. ती बोलायला गेली तर सगळं एकदमच तोंडात आलं. पडदे, कप्पी, दार, चावी.

"थांब," सिस्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला, खालचा आणि सरळ. "फोन या टेबलाला बांधलेला आहे. मी इथून गेले की तुला विचारता येणार नाही. तेव्हा एकेक सांग. मी परत म्हणते, चुकलं तर टोक."

पंखेवालीने डोळे मिटले. "चावी पाण्याच्या टाकीमागे खिळ्याला आहे."

"टाकीमागे, खिळ्याला."

"दोन्ही टोकांची मोठी दारं सताड उघडा. मग बाजूचे पडदे. प्रत्येक बाजूला भिंतीवर एक हँडल आहे, विहिरीच्या रहाटासारखं. खटका वर उचलायचा आणि उलटं फिरवायचं, पडदा खाली येतो. जड आहे."

"खटका वर, उलटं फिरवायचं. पुढे?"

"विजेच्या पेटीला हात लावू नका. काही झालं तरी नाही."

"पेटीला हात नाही. झालं?"

"सिस्टरबाई, तुमचा गुडघा..."

"फोन ठेव," सिस्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनीच ठेवला.

मग काहीच उरलं नाही. फोन होता, पण त्यात विचारण्यासारखं कुणी नव्हतं. पंखेवाली उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. सासूबाईंनी अंदाजाने हात लांबवून तिचं मनगट पकडलं. "तू जा. इथल्या मुली माझ्याकडे बघतील. ड्युटी संपली की माझा लेक संध्याकाळी इकडूनच मला घेऊन येईल."

"तुम्हाला अशी टाकून कशी जाऊ?"

"मला काय धाड भरलीय? आणि तू इथे थांबलीस तर तुझं तोंड बघूनच माझा दुसरा डोळा जाईल. नीघ."

ती भाड्याच्या गाडीत बसली. शहरातून बाहेर पडेपर्यंत सिग्नलच सिग्नल. एका दुकानाबाहेर तळलेल्या कोंबडीचं भलंमोठं चित्र टांगलेलं होतं, खाली शाळेच्या गणवेशातल्या मुलांची झुंबड. त्यांच्यापैकी कुणाला पंखा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिलाही कधी त्यांचा राग आला नव्हता. आज मात्र तिने मान फिरवली.

रस्ताभर ती फोनकडे बघत राहिली. सव्वीस पूर्णांक आठ. तो आकडा खोटा आहे हे पक्कं ठाऊक असूनही तिची नजर त्याच्यावरून हटेना. डोळ्यांपुढे नको ते येत होतं. सिस्टरबाई हँडल फिरवता फिरवता पडल्या तर? कोंबड्यांचं जाऊ दे, सत्तरीच्या बाईला आपण त्या भट्टीत धाडलं, हे आता तिच्या लक्षात आलं.

गावाचा फाटा जवळ आला आणि फोन थरथरला. टॉवर परत आला होता. आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. अडकून पडलेले सगळे संदेश एकामागून एक धडकू लागले. वीज गेली. पंखे बंद. तापमान जास्त. तापमान फार जास्त. तापमान फार जास्त. बोंब मारणारा तो आवाज बंद गाडीत असा घुमला की ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला.

"काय झालं हो ताई?"

"चला तुम्ही, चला!"

यातलं जुनं कुठलं आणि आताचं कुठलं, तिला समजेना. आकडा आता हलू लागला होता. अडतीस. मग सदतीस पूर्णांक काहीतरी. उतरतोय? की सेन्सरच बिघडलाय? तिने स्वतःला आशा करू दिली नाही.

घराशी पोचली तेव्हा जनरेटर अजून ढणढणत होता. शेडची दारं उघडी होती. एका बाजूचा पडदा पूर्ण खाली आलेला. दुसऱ्या बाजूचा पडदा वरच होता, पण मधोमध उभा चिरलेला, एका ठिकाणी नव्हे, ठिकठिकाणी, आणि त्या चिरांमधून वारा प्लॅस्टिक फडफडवत आत शिरत होता.

आत सिस्टरबाई होत्या. नाकावर ओला रुमाल बांधलेला, केस कपाळाला चिकटलेले, अंगावरचे कपडे घामाने निथळत होते. हातात लांब दांड्याचा झाडू घेऊन त्या कोंबड्यांमधून एकेक पाऊल टाकत चालल्या होत्या, अगदी हळू, आणि झाडूने एकेकीला ढोसून उठवत होत्या. कोंबडी उठली की तिच्या पोटाखाली हवा शिरायची. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"तिकडचं हँडल अडकलं," त्या रुमालामागून म्हणाल्या. "मग घरून सुरी आणली. तुझा पडदा गेला."

पंखेवालीची नजर पंख्यांच्या टोकाकडे गेली. तिथे भिंतीला लागून पांढरा ढीग होता. हवेच्या आशेने एकमेकींवर चढून गेलेल्या, आता निश्चल.

"त्या गेल्या. त्यांच्याकडे नंतर बघ," सिस्टरबाई म्हणाल्या. "या बाजूने चालायला लाग. आणि पाय घासत चाल, तुडवशील एखादी."

दोघी चालत राहिल्या. शेड भरून धापा टाकल्याचा आवाज होता, हजारो चोचींचा एकच. तिचे न उचललेले फोन पाहून नवरा थेट घरी आला, पाठोपाठ सुपरवायझर आला. त्याने जनरेटर बंद केला, विजेची पेटी उघडली आणि बॅटरीचा झोत आत टाकला. लाईट गेल्यावर बाहेरच्या लाईनची वीज सोडून जनरेटरची वीज पंख्यांना जोडणारा जो खटका असतो, त्याच्या दोन पट्ट्यांमध्ये एक पाल चिरडून जळालेली होती. खटका अर्ध्यावरच अडकला होता. जनरेटर आपलं काम करत राहिला, पंखे आपल्या जागी उभे राहिले, आणि दोघांच्या मध्ये ती एवढीशी पाल.

चौघेही तिच्याकडे बघत उभे राहिले. शिव्या तरी कुणाला देणार?

पाऊण शेड वाचली. जी गेली तिच्यासाठी नवऱ्याने आणि सुपरवायझरने शेडमागे खड्डा खणला. सासूबाईंना आणायला शेवटी मुलगी आणि शाळेतल्या बाई गेल्या. पंखेवाली ढिगाशी बसून एकेक उचलून टोपलीत घालत होती. मेलेल्या कोंबड्याही अजून गरम होत्या. इतकी वर्षं तिने त्यांना आकड्यांतच पाहिलं होतं, असं तिला त्या वेळी वाटलं, आणि मग वाटलं की हेही काही खरं नाही, काळजी तर केलीच होती. कशाची केली होती ते मात्र तिला नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर पुन्हा आला. त्याने कंपनीकडे प्रामाणिकपणे सगळं कळवलं होतं. "वहिनी, यावर उपाय आहे. एक दुसरा डबा बसवू. वेगळ्या कंपनीचं सिम टाकू. पहिला गप्प झाला की दुसरा फोन करेल."

"आणि दुसरा गप्प झाला की?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "तिसरा?"

नवऱ्याला हसू आलं, पण बायकोकडे बघून त्याने ते गिळलं. "डबा बसवा," ती म्हणाली. "नको म्हणत नाही मी. पण पुढच्या लॉटला पक्षी कमी टाका. एवढी गर्दी मला झेपत नाही. आणि पडदा असा हवा की वीज गेली की आपसूक खाली पडेल. ओढून धरायला वीज लागू दे, सोडायला नको." कंपनीने थोडी कुरकुर केली, मग मानलं.

संध्याकाळी ती कुंपण ओलांडून सिस्टरबाईंकडे गेली. त्या दोन्ही तळहातांना पट्ट्या बांधून खुर्चीत बसल्या होत्या. हँडलने हात सोलवटून निघाले होते. पंखेवाली वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं बोलणं त्या पट्ट्या बघून विसरली.

"फार दुखतंय?"

"दुखतंय तर. रोज का कुणी रहाट फिरवतं या वयात?" सिस्टरबाईंनी तिला नीट न्याहाळलं. "एक सांगून ठेवते. तक्रार मी मागे घेणार नाही. वास येतो तो येतोच."

"नका घेऊ," पंखेवाली म्हणाली. "खताचा ढीग कुंपणापासून लांब हलवतेय उद्या. माश्या तरी कमी होतील."

"आणि तो जनरेटर?"

"त्याला पेटी करून घेते. आवाज दबेल."

"पार दाबू नकोस," सिस्टरबाई म्हणाल्या. "लाईट गेल्याचं मलाही कळलं पाहिजे. आणि ते हँडल कसं फिरवतात ते मला नीट दाखव एकदा. खटका वर म्हणालीस, तो वर नाही, बाहेर ओढावा लागतो."

पंखेवाली चमकली. इतकी वर्षं तो खटका हाताळत होती. खरंच, बाहेरच ओढायचा होता. "आणि तरी तुम्ही उघडलात?"

"पाच-सहा तऱ्हा करून पाहिल्या. एक जमली. बस ना. चहा तू कर, माझ्या हातात कप राहणार नाही."

ती बसली. फोन खिशात एकदा वाजला. तिने दचकून काढला, बघितला. पाण्याच्या टाकीची पातळी कमी झाली होती. ती उठायला लागली तशी सिस्टरबाई म्हणाल्या, "जा, भरून ये. मी पाणी उकळायला ठेवते, तेवढं जमेल." आणि ती टाकी भरून परत आली.

राहिलेल्या कोंबड्या ठरल्या दिवशी गाड्यांत चढल्या. शेड रिकामी झाली, धुतली, वाळली. नवे पडदे बसले, नवा डबा बसला. पिल्लं यायच्या आदल्या दिवशी पंखेवालीने नवऱ्याला रजा घ्यायला लावली. सिस्टरबाईंना बोलावलं. सासूबाई बरा झालेला डोळा मिरवत पायरीवर खुर्ची टाकून बसल्या.

"मेन स्विच बंद करा," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, शेड रिकामी आहे."

"म्हणूनच. करा बंद."

त्याने खटका खाली ओढला. पंख्यांचा आवाज उतरत गेला, पाती एकेक करून दिसू लागली, आणि थांबली. आत एकही जीव नव्हता, तरी तिने दोन्ही मुठी आवळल्या. सिस्टरबाई भिंतीजवळ उभ्या होत्या, अडकलाच तर ओढायला हात पडद्याच्या दोरीवर. पडदा सरसरत आपसूक खाली आला आणि लांब शेडभर दुपारचं ऊन पसरलं. कोपऱ्यात जनरेटर खोकला, धडधडला. एक पंखा हलला. मग दुसरा. मग सगळे.

"झालं समाधान?" नवऱ्याने विचारलं.

तिने कपाळावरचा घाम पुसला.

"पुन्हा एकदा करा," ती म्हणाली.